चरित्रनायक आणि चित्रपट : ‘दि प्राइड ऑफ दि यँकीज’

चरित्रकाराच्या वाटेवर दोन खड्डे असतात, आणि एक चुकवूं गेलें असतां दुसऱ्यांत पाय पडण्याचें भय फार. एक भक्तीचा, दुसरा अतिचिकित्सेचा. भाविक चरित्रकार नायकाच्या अंगावरील सर्व डाग धुऊन काढतो, व शेवटीं त्याच्या हातीं माणसाऐवजीं मूर्ति राहते. उलटपक्षीं अतिचिकित्सक लेखक डागांचीच मोजदाद करीत बसतो. आणि मग ज्या गुणामुळें हा मनुष्य चरित्राला योग्य ठरला तो गुण गेला कोठें, असें वाचकास विचारावेंसें वाटतें. ग्रंथाची जी ही अडचण तीच चित्रपटाची. किंबहुना चित्रपटांत ती कितीतरी पटींनीं वाढते. ग्रंथकारास शंका बोलून दाखवितां येते; ‘या ठिकाणीं दोन मतें आहेत’ असें तळटीपेंत सांगून मोकळें होतां येतें. पडद्यावर तळटीप नसते. तेथें जें दिसलें तेंच घडलें असें प्रेक्षक धरून चालतो, आणि नायकाचा खरा चेहरा पुसला जाऊन नटाचा चेहरा त्याच्या स्मरणांत कायमचा बसतो.

या प्रश्नाचा विचार एका जुन्या, परंतु अद्यापि आवडीनें पाहिल्या जाणाऱ्या अमेरिकन चित्रपटाच्या आधारें करावा असें आम्हीं योजिलें आहे. ‘दि प्राइड ऑफ दि यँकीज’ हा तो चित्रपट. सॅम्युएल गोल्डविन यांनीं त्याची निर्मिति केली, सॅम वुड यांनीं दिग्दर्शन केलें आणि जुलै १९४२ मध्यें तो अमेरिकेंत प्रथम दाखविला गेला. त्याचा नायक लू गेरिग हा बेसबॉलचा खेळाडू. खेळाडूंच्या जीवनावर पुढें जे असंख्य चित्रपट निघाले त्यांचा सांचा बव्हंशीं याच चित्रपटानें घालून दिला. म्हणून त्याचे गुण व दोष हे एकट्या त्याचे नाहींत, त्या साऱ्या परंपरेचे आहेत.

बेसबॉल हा खेळ आमच्या पुष्कळ वाचकांस अपरिचित असेल. क्रिकेट ज्यास समजतें त्याला एवढें सांगितलें म्हणजे पुरे कीं, या खेळांत चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ‘बेस’ असतात. चेंडू टोलवून ते चारी टप्पे फिरून खेळाडू मूळ जागीं परतला म्हणजे एक धाव होते. चेंडू एकाच तडाख्यांत मैदानाबाहेर प्रेक्षकांत जाऊन पडला तर त्यास ‘होम रन’ म्हणतात. आणि तीन ‘स्ट्राइक’ झाले कीं तो बाद. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, क्रिकेटच्या कसोटी सामन्यांप्रमाणें हे सामने वर्षांतून मोजकेच नसतात. गेरिगच्या काळीं प्रत्येक संघ एका हंगामांत १५४ सामने खेळे, म्हणजे एप्रिलपासून सप्टेंबरअखेर जवळजवळ रोज एक. पुढील हकीकतीचें मर्म या एका आंकड्यावांचून कळावयाचें नाहीं.

गेरिगचा जन्म १९ जून १९०३ रोजीं न्यूयॉर्क शहरांत, जर्मनीहून येऊन राहिलेल्या एका गरीब कुटुंबांत झाला. चार अपत्यांपैकीं हा एकटाच जगला. बापाच्या धंद्यास स्थैर्य नव्हतें. आई परक्यांच्या घरीं स्वयंपाक व कामधाम करून संसार ओढी. मुलानें पुष्कळ शिकावें ही तिची आकांक्षा, आणि तो कोलंबिया विद्यापीठांत दाखलहि झाला. परंतु १९२३ सालीं, घरांत पैशाची ओढ असतां, ‘यँकीज’ या न्यूयॉर्कच्या विख्यात संघाचा करार त्यानें पत्करला. १ जून १९२५ पासून ३० एप्रिल १९३९ पर्यंत तो त्या संघाकडून एकहि सामना न चुकवितां सलग २१३० सामने खेळला. या काळांत त्याच्या हातांचीं बोटें अनेकदां मोडलीं, डोक्याला चेंडू लागला, पाठ धरली. पण दुसऱ्या दिवशीं तो आपल्या जागीं उभा. ४९३ होम रन त्यानें काढले. सलग सामन्यांचा त्याचा उच्चांक पुढें छप्पन वर्षें टिकला. तो कॅल रिप्केन यानें ६ सप्टेंबर १९९५ रोजीं मोडला.

असा हा ‘लोखंडी घोडा’ (हें बिरुद लोकांनींच त्याला दिलें होतें) १९३८ च्या हंगामांत मंदावूं लागला. १९३९ च्या वसंतांत हातपाय ऐकेनात. २ मे १९३९ रोजीं डेट्रॉइट येथें तो आपण होऊन व्यवस्थापकाकडे गेला व ‘मला आज वगळा’ अशा अर्थाचें बोलून बाजूस बसला. जूनमध्यें मेयो रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं निदान केलें. स्नायूंना हालचालीची आज्ञा पोंचविणारे मज्जातंतू एकामागून एक मरत जाणें असें त्या रोगाचें स्वरूप. शरीर निकामी होत जातें, बुद्धि मात्र बहुधा शेवटपर्यंत जागी राहते. आजहि त्या रोगावर रामबाण उपाय नाहीं, आणि अमेरिकेंत तो गेरिगच्याच नांवानें ओळखला जातो. ४ जुलै १९३९ रोजीं साठ हजारांवर प्रेक्षकांसमोर त्याचा निरोपसमारंभ झाला. २ जून १९४१ रोजीं तो वारला, तेव्हां त्याला अडतिसावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें.

निर्माते गोल्डविन यांना बेसबॉलचें प्रेम मुळींच नव्हतें. खेळावरील चित्रपट चालत नाहींत असेंच त्यांचें मत होतें. निरोपसमारंभाचा वृत्तपट पाहून ते गहिंवरले व मग हा विषय त्यांनीं हातीं घेतला, असें सांगतात. म्हणजे चित्रपटाचा उगमच त्याच्या अखेरच्या प्रवेशांत आहे. त्यांतून काळ कसा, तर अमेरिका डिसेंबर १९४१ मध्यें महायुद्धांत ओढली गेलेली. घरोघरचे तरुण रणांगणावर चाललेले. चित्रपटाच्या प्रारंभीं डॅमन रनियन या प्रसिद्ध लेखकाची एक छोटी प्रस्तावना पडद्यावर येते. तिचा आशय असा कीं, हा शांततेच्या मार्गावरील वीर असून रणभूमीवर हजारों अमेरिकन तरुण ज्या धैर्यानें मृत्यूस सामोरे जात आहेत त्याच धैर्यानें तो मृत्यूस सामोरा गेला. एवढें वाचल्यावर पुढें काय दाखविलें जाणार व काय झांकलें जाणार, याचा अंदाज चाणाक्ष प्रेक्षकास करतां येतो.

प्रथम गुणांकडे वळूं. गेरिगची भूमिका गॅरी कूपर यांनीं केली. त्या वेळीं त्यांचें वय एकेचाळीस. कॉलेजांतील पोरसवदा गेरिग म्हणून ते कांहींसे प्रौढ दिसतात, आणि खेळाडू म्हणून त्यांचा सराव बेताचाच. शिवाय गेरिग डावखुरा, कूपर उजवे. प्रत्यक्ष खेळाचीं दृश्यें म्हणूनच तुटक व थोडीं आहेत. पण या नटाच्या अंगीं एक दुर्मिळ गुण होता, तो म्हणजे न बोलण्याचा. आनंद झाला कीं मान खालीं घालणें, संकोच वाटला कीं टोपीशीं चाळा करणें, दुःख झालें कीं क्षणभर निश्चल राहणें, एवढ्या अल्प साधनांनीं त्यांनीं एक सरळ, लाजाळू, कामसू मनुष्य उभा केला आहे. आजाराची पहिली चाहूल लागते त्या दृश्यांत तर त्यांचा संयम वाखाणण्याजोगा आहे. बॅट फिरते, चेंडू हुकतो; पुन्हां फिरते, पुन्हां हुकतो; चेहऱ्यावर वेदना नाहीं, भीति नाहीं, केवळ एक न समजल्याचा भाव. ज्याचें शरीर आयुष्यभर त्याचें निमूटपणें ऐकत आलें त्या माणसाला तें प्रथमच दाद देत नाहीं, ही गोष्ट याहून अधिक प्रामाणिकपणें दाखविणें कठीण.

एलिनरच्या भूमिकेंत टेरेसा राइट यांनींहि तोलाचें काम केलें आहे. ती गेरिगला प्रथम पाहते तेव्हां तो बॅटींवर अडखळून पडतो आणि ती त्याची थट्टा करते. पुढें तिच्याच डोळ्यांदेखत तो निराळ्या कारणानें अडखळूं लागतो. या दोन प्रसंगांचा संबंध दिग्दर्शकानें शब्दांनीं सांगितलेला नाहीं, आणि न सांगितल्यामुळेंच तो मनांत घर करतो. रंगारी व गवंडी काम करीत असलेल्या अर्धवट घरांत झालेलें लग्न हा प्रसंग कोणास रचलेला वाटेल. पण तो खरा आहे. १९३३ च्या सप्टेंबरांत त्यांचा विवाह अशाच रीतीनें झाला. सत्य जेथें स्वतःच मनोरंजक असतें तेथें या चित्रपटानें त्याला हात लावलेला नाहीं, हें त्याच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे.

आणखी एक विशेष. संघांतील गेरिगचे कांहीं खरे सोबती या चित्रपटांत स्वतःच्याच भूमिका करतात. त्यांत बेब रूथ आहे. बेसबॉलच्या इतिहासांत ज्याचें नांव सर्वांआधीं घेतात तो. आगगाडींतल्या प्रवासांत खेळाडू त्याची नवी गवती टोपी चोरून एकेक चावा घेतात आणि बिचारा नवखा गेरिग नेमका सांपडतो, तो प्रसंग रूथच्या उपस्थितीमुळेंच खुलतो. नट गेरिगचें सोंग करीत आहे आणि शेजारीं रूथ रूथच आहे, अशी ही जोडी पाहतांना प्रेक्षकास कांहीं काळ खऱ्याखोट्याची सीमाच हरपल्यासारखी वाटते. या चित्रपटाची ती मोठी शक्ति. आणि आम्हीं पुढें दाखवूं त्याप्रमाणें तोच त्याचा धोकाहि.

आतां दोषांचा विचार. किरकोळ दोष आम्ही सोडून देतों. पूर्वार्धांतील विनोद लांबलेला आहे. रुग्णालयांत अंथरुणास खिळलेल्या एका मुलास ‘आज तुझ्यासाठीं दोन होम रन काढीन’ असें वचन देऊन नायक तें पुरें करतो, आणि शेवटच्या दिवशीं तो मुलगा आपल्या पायांनीं चालत भेटीस येतो, हा चमत्कार भाविक संतचरित्रांत शोभला असता. अशाच स्वरूपाची एक आख्यायिका १९२६ पासून रूथच्या नांवावर प्रचलित होती. येथें ती गेरिगला अर्पण केलेली दिसते. प्रेक्षकांच्या डोळ्यांस पाणी आणण्याचा हा सोपा मार्ग. त्याविषयीं अधिक बोलण्याचें कारण नाहीं.

आमचा आक्षेप याहून खोल आहे. गेरिगच्या आयुष्यांत जेथें जेथें गांठ होती तेथें तेथें चित्रपटानें ती सफाईनें कापून टाकली आहे. आईचेंच उदाहरण घ्या. चित्रपटांतली आई ही जर्मन ढंगाचें इंग्रजी बोलणारी, ‘काकासारखा इंजिनीअर हो’ म्हणून मुलाच्या मागें लागणारी, सुनेच्या घरांतल्या सामानांत ढवळाढवळ करणारी एक गमतीदार बाई आहे. तिला पाहून आम्हांस हंसूं येतें. पण चारांपैकीं तीन मुलें जिनें मातींत घातलीं, आणि चौथ्याला परक्यांच्या चुलीपुढें राबून वाढविलें, ती आई त्याला घट्ट धरून कां ठेवते, हें चित्रपट सांगत नाहीं. तें सांगितलें असतें तर सासूसुनेचा तंटा हंसण्यावारी गेला नसता. त्याला दुःखाची किनार आली असती, व त्या दोघींच्या मध्यें उभ्या असलेल्या मुलाचा स्वभावहि आम्हांस अधिक उमगला असता.

रूथच्या बाबतींत तर गंमतच झाली आहे. गेरिग व रूथ यांच्यांत पुढें बेबनाव झाला आणि दोघांचें बोलणें कित्येक वर्षें जवळजवळ बंद होतें. ४ जुलै १९३९ रोजीं निरोपाच्या वेळीं रूथनें पुढें होऊन गेरिगला मिठी मारली, त्या क्षणाचीं छायाचित्रें उपलब्ध आहेत. एवढा मोठा मानवी प्रसंग हाताशीं असतां, आणि तो ज्याच्यावर गुदरला तो मनुष्य स्वतः पडद्यावर उभा असतां, चित्रपटानें त्याकडे पाठ फिरविली. भांडण दाखविलें असतें तर मिठीस अर्थ आला असता. भांडणच नाहीं, मग समेट कशाचा? खरा माणूस उभा केल्यानें सत्य येतें हा समज किती फसवा आहे, तें येथें दिसून येतें. रूथचें शरीर खरें आहे. त्याचें गेरिगशीं असलेलें नातें मात्र पटकथाकारांचें आहे.

तीच गोष्ट सलग सामन्यांच्या विक्रमाची. १४ जुलै १९३४ रोजीं पाठीच्या दुखण्यानें बेजार झालेल्या गेरिगचें नांव फलंदाजींत सर्वांत आधीं घालण्यांत आलें. त्यानें एकदां चेंडू मारला, पहिला बेस गांठला व तो लगेच निघून गेला. सामना हिशेबांत धरला गेला. कडक नीतिवादी याला लबाडी म्हणेल. आम्ही तसें म्हणणार नाहीं. उलट आम्हांस हा प्रसंग फार बोलका वाटतो. कर्तव्य म्हणून जें सुरू झालें त्याचा हळूहळू हट्ट कसा बनतो, आणि हट्टाला प्रसंगीं युक्तीची मदत कशी घ्यावी लागते, हें त्यांत दिसतें. ज्या माणसाला खंड पडणें इतकें असह्य होतें त्याच माणसानें पांच वर्षांनीं आपण होऊन ‘मला वगळा’ म्हटलें. हट्ट आधीं दाखविला असता तर त्यागाचें मोल कळलें असतें. चित्रपटांतल्या गेरिगला हट्टच नाहीं. म्हणून त्याचा त्याग सुंदर दिसतो, महाग दिसत नाहीं.

निरोपाच्या भाषणाकडे आतां येऊं, कारण चित्रपटाचा कळस तोच. मूळ भाषणाच्या चित्रफितीचे कांहीं तुकडेच आज शिल्लक आहेत. पण त्याचा क्रम सर्वज्ञात आहे. ‘माझ्या दुर्दैवाविषयीं तुम्ही वाचलें असेल, तरी मी स्वतःला पृथ्वीवरील सर्वांत भाग्यवान मनुष्य समजतों’ या अर्थाचें वाक्य गेरिगनें अगदीं आरंभीं उच्चारलें. नंतर त्यानें आपल्या भाग्याचा हिशेब दिला : सहकारी, व्यवस्थापक, प्रतिस्पर्धी संघ, मैदानाची निगा राखणारे नोकर, आईबाप, पत्नी, आणि पत्नीची बाजू सोडून जांवयाची बाजू घेणारी सासूसुद्धां. चित्रपटांत हें वाक्य आरंभाहून उचलून अखेरीस नेलें आहे. तें उच्चारलें जातें, आवाज मैदानांत घुमतो, आणि प्रेक्षकाचा कंठ दाटून येतो.

नाट्याच्या दृष्टीनें हा बदल यशस्वी झाला हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्यानें अर्थ बदलला. वाक्य आधीं असतां तें एक विधान होतें, व पुढील नामावळि हा त्याचा पुरावा. ‘मी भाग्यवान आहें, कां, तर हीं पाहा माझीं माणसें.’ असें त्याचें स्वरूप. त्यांत वक्ता मागें सरतो व इतर पुढें येतात. तेंच वाक्य शेवटीं आलें कीं नामावळि ही प्रस्तावना ठरते, माणसें मागें सरतात, आणि मृत्यूच्या तोंडावर छाती काढून उभा राहिलेला एकटा वीर पुढें येतो. १९४२ सालच्या अमेरिकेला असाच वीर हवा होता, हें आम्ही समजूं शकतों. १९४३ मध्यें कूपर पॅसिफिक महासागरांतील बेटांवर सैनिकांच्या मनोरंजनासाठीं गेले असतां त्यांनीं हें भाषण सैनिकांपुढें म्हणून दाखविलें, व तें ऐकून तीं पोरें स्तब्ध झालीं असें म्हणतात. कलेनें धीर दिला, ही थोडी गोष्ट नव्हे. मात्र धीर देण्यासाठीं जें रचलें त्याला गेरिगचें अंतःकरण समजूं नये, एवढेंच आमचें सांगणें.

सर्वांत मोठी उणीव यापुढेंच आहे. भाषण संपतें, नायक वळतो, मैदानाखालच्या अंधाऱ्या मार्गांत चालत जातो, मागें खेळ सुरू झाल्याची आरोळी ऐकूं येते, आणि चित्रपट संपतो. प्रेक्षकाची अशी समजूत होते कीं, हा मनुष्य त्या अंधारांतून थेट मृत्यूकडे गेला. प्रत्यक्षांत त्यानंतर तो जवळजवळ दोन वर्षें जगला. या दोन वर्षांतील बराच काळ तो रिकामा बसलेला नव्हता. न्यूयॉर्कचे नगराध्यक्ष ला गार्डिया यांनीं त्याला शहराच्या पॅरोल-मंडळावर नेमलें. मुदतीपूर्वीं कोणत्या कैद्यास सोडावें व कोणास सोडूं नये याचा निर्णय करणारें हें मंडळ. व्याख्यानांचीं व जाहिरातींचीं अधिक किफायतशीर कामें त्याला मिळूं शकलीं असतीं. त्यानें हें पत्करलें. १९४० च्या जानेवारीपासून तो कचेरींत जाऊं लागला, गाजावाजा होऊं न देतां तुरुंगांना भेटी देऊं लागला. पुढें मुष्टियुद्धांत जगज्जेता झालेला रॉकी ग्राझियानो हा त्या काळीं एक बिघडलेला पोरगा म्हणून त्याच्यापुढें उभा राहिला होता, आणि गेरिगनें त्याची सुटका न करतां त्याला सुधारगृहांत परत धाडलें. हात इतके दुबळे झाले कीं कागदावर सही करावयास दुसऱ्याचा हात लागे. मृत्यूपूर्वीं सुमारें महिनाभरच त्यानें हें काम सोडलें.

या दोन वर्षांचा एकहि क्षण चित्रपटांत नाहीं. रोगाचें नांवसुद्धां कोणी उच्चारीत नाहीं. डॉक्टरसमोर गेरिग आपल्या खेळाच्याच भाषेंत ‘मी बाद झालों कीं काय’ असा प्रश्न करतो, उत्तर ऐकतो, आणि पत्नीस कळूं नये अशी इच्छा धरतो. तिला कळतें, पण ती कळलें नाहींसें दाखविते. प्रसंग हृद्य आहे. परंतु पत्नीच्या आठवणींवरून दिसतें तें उलटें आहे : किती थोडे दिवस उरले आहेत हें तिनें जाणून घेतलें, आणि तें पतीच्या कानीं जाऊं नये म्हणून धडपडली तीच. नायक सर्वज्ञ व धीरोदात्त असावा म्हणून चित्रपटानें ज्ञानाचें ओझें तिच्या खांद्यावरून काढून त्याच्या खांद्यावर ठेविलें. दोन वर्षें रोज आशेचें सोंग करणाऱ्या त्या स्त्रीचें धैर्य यांत हिरावलें गेलें, आणि पतीच्या मनांतली आशा, जी माणसाला माणूस ठेवते, तीहि गेली.

हा आक्षेप केवळ हकीकतींचा हिशेब म्हणून आम्ही घेत नाहीं. घराघरांतून असाध्य दुखण्यांचीं माणसें असतात. त्यांना व त्यांच्या आप्तांना टाळ्यांच्या कडकडाटाचा दिवस कधींच लाभत नाहीं. त्यांच्या वाट्यास येतात ते निरोपानंतरचे दिवस. सकाळीं गुंडी लावतां न येणें, पेला हातांतून निसटणें, पाहुण्यांनीं नजर चुकविणें. अशा स्थितींत मनुष्य कसा वागूं शकतो, याचा एक उत्कृष्ट दाखला गेरिगनें प्रत्यक्ष घालून दिला होता. साठ हजार लोकांपुढें धैर्य दाखविणें कठीण खरें. पण कोणी पाहत नसतां, थरथरत्या हातानें, परक्या गुन्हेगार पोरांच्या भवितव्याचा विचार करीत कचेरींत बसणें त्याहून कठीण आहे. चित्रपटानें पहिलें धैर्य अमर केलें व दुसरें जगाच्या दृष्टीआड राहूं दिलें. आमच्या मतें हा त्याचा खरा अपराध आहे. बाकीचे सारे क्षम्य.

येथें एक पूर्वपक्ष मांडला जाईल. चित्रपट दोन तासांचा. दोन वर्षांच्या क्षयाचें चित्र कोण पाहील? पत्नी हयात, दुःख ताजें, अशा वेळीं मर्यादा पाळणें हीच सभ्यता नव्हे काय? या म्हणण्यांत तथ्य आहे. गेरिगच्या मृत्यूस पुरतें सव्वा वर्षहि झालेलें नसतां हा चित्रपट निघाला, हें विसरतां कामा नये. रोगाचीं बीभत्स चित्रें काढावीं असें आमचेंहि म्हणणें नाहीं. पण कचेरींतील एक मेज, समोर उभा असलेला एक पोरगा, आणि लेखणी धरूं न शकणारा एक हात, इतकें दाखविण्यास पांच मिनिटें पुरलीं असतीं. कूपरसारख्या अबोल नटाला तर तीं सोन्यासारखीं लाभलीं असतीं. पुढें एलिनरच्या आठवणींवर १९७८ मध्यें दूरचित्रवाणीसाठीं निराळा चित्रपट काढण्यांत आला व त्यांत आजाराच्या दिवसांना अधिक जागा मिळाली. तेव्हां हें अशक्य होतें असें म्हणतां येत नाहीं.

आणखी एक मौन नजरेस आणून देणें अवश्य आहे. चित्रपट लोकशाहीचें गुणगान करतो : स्वयंपाकिणीचा मुलगा राष्ट्राचा लाडका होतो. पण ज्या मैदानावर हें घडतें तेथें त्या काळीं एकाहि कृष्णवर्णी खेळाडूस प्रवेश नव्हता. त्यांना आपले संघ निराळे काढून निराळे खेळावें लागे. ती बंदी १५ एप्रिल १९४७ रोजीं जॅकी रॉबिन्सन मैदानावर उतरला तेव्हां मोडली. गेरिगचा यांत दोष नाहीं. परंतु चित्रपटास ती उणीव दिसतहि नाहीं, हें त्या काळाचें लक्षण म्हणून ध्यानांत ठेवावें. रॉबिन्सनच्या जीवनावर १९५० मध्यें जो चित्रपट निघाला त्यांत नायकाची भूमिका त्यानें स्वतःच केली, आणि २०१३ मध्यें ‘फॉर्टी टू’ या नांवानें दुसरा निघाला. या दुसऱ्यानें सबंध आयुष्य न घेतां मुख्यतः दोनतीन वर्षेंच निवडलीं. चरित्रपटास तीच रीति अधिक मानवते असें आमचें मत आहे.

तुलनेसाठीं दोन टोंकें सांगून हें विवेचन आवरतें घेतों. रूथच्या आयुष्यावर १९४८ मध्यें ‘दि बेब रूथ स्टोरी’ हा चित्रपट निघाला. त्यांत भक्तीचा इतका पूर आला कीं नायक हास्यास्पद झाला; आज तो चित्रपट बहुधा थट्टेपुरताच आठवला जातो. दुसऱ्या टोंकास १९९४ चा ‘कॉब’. टाय कॉब या तितक्याच थोर खेळाडूचा त्यांत केवळ क्रूर, संतापी म्हातारा दिसतो. आणि ज्या लेखकाच्या लिखाणावर तो आधारलेला आहे त्याच्या विश्वसनीयतेविषयींच पुढें संशोधकांनीं गंभीर शंका काढल्या. म्हणजे निंदा केली म्हणून सत्य हातीं लागलें असेंहि नाहीं. या दोहोंच्या मध्यें ‘दि प्राइड ऑफ दि यँकीज’ उभा आहे. तो भक्तीकडे झुकतो, पण नटाच्या संयमानें व कांहीं खऱ्या प्रसंगांच्या बळावर कोसळतां कोसळतां सांवरतो. अकरा विभागांत त्याची ऑस्कर पारितोषिकासाठीं शिफारस झाली आणि पारितोषिक मिळालें तें एकच, संकलनाचें, म्हणजे कापाकापीच्या कलेचें. परीक्षकांनीं दिलेला हा निर्णय त्यांच्या मनांत होता त्याहून अधिक मार्मिक ठरला आहे.

सारांश, हा चित्रपट पाहावा, मुलाबाळांसह पाहावा. त्यांत हीन असें कांहीं नाहीं आणि चांगलें पुष्कळ आहे. कूपरचा अभिनय, एलिनरचें हास्य व शेवटची ती निःशब्द पाठमोरी चाल सहसा विसरली जात नाहीं. मात्र तो पाहून झाल्यावर घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलांना पुढची हकीकतहि सांगावी : त्या अंधाऱ्या मार्गाच्या पलीकडे एक साधी कचेरी होती, तो मनुष्य तेथें रोज जात होता, आणि त्याची बायको त्याला तेथें जाण्याचें बळ देत होती. पडद्यानें जें सोडलें तें सांगण्याचें काम अशा वेळीं प्रेक्षकाकडेच येतें.